क्लायंट घाबरलेला आहे की लबाड, हे आधी ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तासगावात राहून दोन वर्षांपासून व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून, म्हणजे घरबसल्या क्लायंटची कार्यालयीन कामे ऑनलाइन पाहणारी सहायक म्हणून, स्वतंत्रपणे काम करता आणि सध्या तुमचे चार क्लायंट आहेत. त्यांतला एक न्यूयॉर्कचा. तुमच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा त्याच्याकडून येतो. तो रात्री दोन वाजता मेसेज पाठवतो, ठरलेल्या कामाबाहेरची कामे गळ्यात घालतो आणि त्याच्याकडची मागची दोन बिले थकली आहेत. दुसरा सांगलीचा बेदाण्याचा व्यापारी, तुमच्या काकांच्या ओळखीतला. तो फोनवर आवाज चढवतो, पण पैसे मात्र वेळेवर देतो. या दोघांना सोडावे की सांभाळावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तुम्हाला ज्याचा अधिक त्रास वाटतो तो व्यापारी मुळात अवघड क्लायंट नाहीच, आणि ज्याला सोडायला तुमचे मन धजत नाही त्या न्यूयॉर्कच्या गृहस्थाविषयी मात्र तुम्ही याच आठवड्यात निर्णयाला येणे आवश्यक आहे. असे का म्हणते ते सविस्तर सांगते.

या कामात येण्यापूर्वी मी सहा वर्षे मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षात बसत होते. काउंटरवर येऊन ओरडणाऱ्या नातेवाइकांपैकी खरोखर भांडखोर माणसे फार थोडी असत. बाकीच्यांना आत काय चालले आहे हे तीन तास कोणी सांगितलेले नसे, आणि ती भीती आवाजावाटे बाहेर पडत असे. ‘डॉक्टर अजून शस्त्रक्रियेतच आहेत, मी अर्ध्या तासाने स्वतः येऊन तुम्हाला सांगते,’ एवढे बोलले आणि खरोखरच अर्ध्या तासाने गेले, की तोच माणूस जाताना पेढे देऊन जाई. पुढे घरून काम सुरू केल्यावर मला भेटलेले बहुतेक ‘अवघड’ क्लायंट याच जातीचे निघाले. आपल्या धंद्याच्या चाव्या त्यांनी एका न पाहिलेल्या बाईच्या हाती दिलेल्या असतात, ती बाई हजारो मैलांवर असते आणि ती काम करते आहे की नाही हे त्यांना दिसत नाही. अशा माणसाला मर्यादा शिकवण्यापेक्षा माहिती पुरवणे अधिक उपयोगी पडते.

त्यासाठी मी पाळत आलेली पद्धत अगदी साधी आहे. कामाचा दिवस संपताना प्रत्येक क्लायंटला एक छोटी मेल जाते. आज काय पूर्ण झाले, काय अडले आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे, इतकेच तीत असते. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण पुष्कळदा काम क्लायंटच्याच उत्तरासाठी खोळंबलेले असते आणि त्याला ते लक्षातही नसते. माझा एक परदेशी क्लायंट सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा ‘झाले का’ म्हणून विचारत असे. ही मेल सुरू केल्यावर दोन आठवड्यांत ते विचारणे जवळजवळ थांबले. मी त्याला एका शब्दानेही टोकले नव्हते.

रात्री दोनच्या मेसेजकडेही याच दृष्टीने एकदा पाहा. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. त्याच्या दृष्टीने तो भर कामाच्या वेळी लिहितो आहे. तिथले घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाते. त्यामुळे त्याचे सकाळचे नऊ कधी आपल्या संध्याकाळच्या साडेसहाला होतात, तर कधी साडेसातला. हे दोन रविवार मी कॅलेंडरवर लाल रंगाने लिहून ठेवते आणि आधीच्या आठवड्यात अमेरिकेतल्या क्लायंटना नव्या वेळा कळवते. मेसेज येणे हा त्रास नव्हे. रात्री दोनला आलेल्या मेसेजला दोन वाजून तीन मिनिटांनी दिलेले उत्तर हा त्रास आहे, आणि तो आपण स्वतः ओढवून घेतो. पहिल्या वर्षी मीही क्लायंट खूश व्हावा म्हणून अंथरुणातून उत्तरे देत असे, आणि सहा महिन्यांनी हा माणूस मला झोपू देत नाही म्हणून नवऱ्यापाशी रडत असे. त्या माणसाची चूक एवढीच होती की मी लावलेली सवय त्याला लागली. ती मोडायला मला जवळजवळ दोन महिने लागले. भारतीय वेळेनुसार दुपारी दोन ते रात्री दहा मी उपलब्ध असेन, त्यानंतर आलेल्या मेसेजचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर मिळेल आणि खरोखरच तातडीचे असेल तर फोन करावा, असे मी त्याला लिहून कळवले. त्याने एकदाही फोन केला नाही.

आता व्यापाऱ्याकडे वळते. बेदाण्याच्या धंद्यात हंगामाच्या दिवसांत माणूस एका कानाने सौदा ऐकत असतो आणि दुसऱ्या कानाला फोन असतो. अशा वेळी एखाद्या पार्टीचे बिल चुकीच्या रकमेचे गेले, तर त्याला चार माणसांदेखत खाली पाहावे लागते. तो ओरडला हे समर्थनीय नाही, पण त्यामागचे कारण समजते. शेठजींना एकदा निवांत वेळी, सौदे नसलेल्या दिवशी, प्रत्यक्ष भेटा. तासगाव ते सांगली अंतर ते किती, आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्याला समोर बसून प्यालेल्या चहाइतका दुसरा कोणताही करार पक्का वाटत नाही. रोज कोणत्या वेळी फोनवर बोलायचे, बिले कोणी तपासून पुढे सोडायची आणि चूक निघाली तर ती कोणत्या नंबरवर लिहून पाठवायची, एवढे ठरवून या. घरी आल्यावर ते सर्व व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचे ‘ठीक आहे’ घ्या. त्या ‘ठीक आहे’चे मोल पुढे कळते.

दोन पथ्ये मात्र पाळा. शेठजींविषयीची तक्रार चुकूनही काकांकडे नेऊ नका. ओळखीतून काम मिळाले म्हणून ओळखीच्या माणसाला मध्यस्थ केले, की धंद्यातली बोलणी घरच्या समारंभापर्यंत पोहोचतात आणि पुढच्या लग्नात तुम्हाला वाढपीसुद्धा सल्ले देतात. दुसरे असे की कामाविषयी चढलेला आवाज आणि माणसाविषयी निघालेला शब्द यांत फरक करा. ‘हे बिल असे कसे गेले?’ हे मोठ्याने विचारले तरी ऐकून घ्यावे आणि चूक आपली असेल तर लगेच कबूल करावी. ‘तुम्हा बायकांना हिशेब कळत नाही’ असे वाक्य आले, तर आवाज न चढवता म्हणावे, ‘शेठजी, कामात काय चुकले ते सांगा, मी दुरुस्त करते. या भाषेत बोलायचे असेल तर फोन ठेवते.’ आणि खरोखर ठेवावा. मला हे आजवर दोनदाच करावे लागले. त्यांतला एक क्लायंट गेला, दुसरा आजही आहे आणि मला ‘मॅडम’ म्हणतो.

कामाबाहेरच्या कामांविषयी तुम्ही लिहिले आहे की नाही म्हणायला जड जाते. मीही सरळ ‘नाही’ फारसे म्हणत नाही. मी तासांचा हिशेब समोर ठेवते. समजा महिन्याचे वीस तास ठरले आहेत, सतरा झाले आहेत, आणि क्लायंटने ‘एवढी जरा चारशे नावांची यादी तपासून द्या’ म्हणून सांगितले. तेव्हा माझे उत्तर असे असते: ‘जरूर करते. याला साधारण पाच तास लागतील आणि या महिन्याचे तीनच तास उरले आहेत. साप्ताहिक अहवाल पुढे ढकलू, की दोन तास जादा लावू?’ निर्णय त्याचा, हिशेब माझा. निम्म्या वेळी ते जरासे काम तितके गरजेचे नव्हते असे त्यालाच उमगते. यासाठी पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवलेली असावी लागते. भांडण सुरू झाल्यावर तयार केलेला तक्ता कोणीही खरा मानत नाही, आणि मानू नये.

ही झाली घाबरलेल्या आणि अव्यवस्थित क्लायंटची गोष्ट. लबाड क्लायंटला मात्र माहिती देऊन, समजूत घालून किंवा अधिक चांगले काम करून काहीही फरक पडत नाही. उलट तुम्ही जितके चांगले वागता तितका त्याचा अंदाज पक्का होतो. ओळखण्याची माझी खूण अशी की मी लेखी विचारून तारीख मागते. अडचणीत असलेला माणूस ओशाळत का होईना, ‘या महिन्याच्या पंचवीस तारखेला निम्मे देतो’ असे लिहितो. लबाड माणूस तारीख देत नाही, कौतुक देतो. तुझ्यासारखी प्रामाणिक मुलगी मिळाली नाही, आपण पुढे मोठे काम करणार आहोत, तुला मी टीमची प्रमुख करणार आहे, असे बरेच काही तो बोलतो. तेही बहुधा कॉलवर, कारण त्याला लिहून काही नको असते.

तुमच्या न्यूयॉर्कच्या क्लायंटविषयी एक गोष्ट मला खटकली. तो तुम्हाला दहा महिन्यांपूर्वी अपवर्कवर, म्हणजे क्लायंट आणि स्वतंत्र काम करणारे यांना जोडणाऱ्या संकेतस्थळावर, भेटला आणि कमिशन वाचेल म्हणून त्याने तुम्हाला थेट व्यवहारावर आणले, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी दोन वर्षे तिथूनच व्यवहार करण्याची अट असते. ती मोडल्यास तुमचे खाते बंद होऊ शकते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे संरक्षण जाते. तिथे ठरावीक रकमेच्या कामाचे पैसे आधीच एस्क्रोमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या ताब्यातल्या राखीव खात्यात, जमा होतात आणि काम सादर केल्यावर चौदा दिवस क्लायंट गप्प राहिला तर ते आपोआप तुम्हाला मिळतात. तासांवर काम असेल तर त्यांचे ॲप मधूनमधून स्क्रीनची छायाचित्रे टिपते. मला ते आरंभी अपमानास्पद वाटे, पण पैशांवरून वाद झाला की तीच छायाचित्रे आपली साक्षीदार असतात. थेट व्यवहारात यातले काहीच नाही. शिवाय पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवरून आलेल्या पैशांवरही पैसे देणारा 180 दिवसांपर्यंत तक्रार नोंदवू शकतो. म्हणून नव्या क्लायंटकडून त्या मार्गाने मोठी रक्कम आली, तर ती सगळी लगेच खर्च करू नये.

आता प्रत्यक्ष काय करावे. आज त्याला एकच मेल पाठवा. तीत दोन्ही बिलांचे क्रमांक, तारखा आणि रकमा लिहा, सात दिवसांनंतरची एक तारीख द्या आणि त्या तारखेपर्यंत रक्कम न आल्यास काम थांबेल व आल्यावर पुढे सुरू होईल असे सांगा. राग, दुखावल्याची भाषा, घरच्या अडचणी, मुलाची शाळेची फी यांतले काहीही तीत नको. ज्याला द्यायचे आहे तो फी न सांगता देतो, आणि ज्याला द्यायचे नाही त्याला तुमची अडचण कळणे धोक्याचे आहे. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर खरोखर काम थांबवा. आले तर यापुढे महिन्याचे शुल्क महिना सुरू होण्यापूर्वी, ही अट घाला. दोन बिले थकवणाऱ्याला तिसऱ्या महिन्याची उधारी देऊ नये.

तो मुळीच देणार नसेल, तर न्यूयॉर्कच्या माणसामागे तासगावातून कायद्याने धावण्याचा खर्च त्या रकमेला परवडत नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. देशातल्या क्लायंटची गोष्ट वेगळी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका, आणि वाद उभा राहण्याची वाट न पाहता ती आधीच करून बिलावर क्रमांक छापा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जाते. शिवाय सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही, अशी तरतूद 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. त्यामुळे ‘आपल्या सीएंना एकदा विचारून घ्या’ हे एक सौम्य वाक्य मला कित्येकदा वकिलाच्या नोटिशीहून अधिक उपयोगी पडले आहे.

याच ओघात माझी एक फजिती सांगते. कोल्हापूरच्या एका क्लायंटने बिलाच्या दहा टक्के कमी रक्कम पाठवली, म्हणून मी त्याला बरीच तिखट मेल लिहिली. त्याने शांतपणे उत्तर दिले की ती रक्कम टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला प्राप्तिकर, म्हणून माझ्याच पॅनवर भरली आहे, अशा कापलेल्या कराची नोंद असलेला फॉर्म 26 एएस पाहावा. ती खरोखरच तिथे होती. मी माफी मागितली, पण तो क्लायंट पुढच्या महिन्यात गेला. तेव्हापासून कमी आलेल्या रकमेवर लिहिण्यापूर्वी मी तो फॉर्म उघडते.

तुमची खरी अडचण मात्र एक क्लायंट नसून त्याचा वाटा आहे. जो माणूस तुमच्या निम्म्याहून अधिक उत्पन्नाचा धनी आहे, त्याला तुम्ही कोणतीही मर्यादा घालू शकत नाही, मग वाक्ये कितीही नेटकी असोत. मी कोणाही एकाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही. हे शहाणपण मला ऑगस्ट 2019 च्या महापुरात आले. तेव्हा मी सांगलीच्या गावभागात राहत होते. पाणी आले, वीज गेली, नेट गेले, आणि ज्याच्यावर माझे घर चालत होते त्या क्लायंटला मी कित्येक दिवस काहीच कळवू शकले नाही. परत जोडले गेले तेव्हा त्याने दुसरी व्यक्ती नेमलेली होती. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आज वाटते की त्याच्या बाजूने पाहिले तर एक बाई सांगितल्याविना गायब झाली होती. जुलै 2021 मध्ये सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी इशारा पातळीच्या 40 फुटांकडे सरकू लागल्याचे कळताच मी सगळ्या क्लायंटना मेल केली, लॅपटॉप घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे गेले, आणि माझ्याशी संपर्क न झाल्यास अत्यावश्यक कामे कोणी पाहायची हेही एका मैत्रिणीशी बोलून कळवून ठेवले. पाणी 45 फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेले, पण त्या वेळी एकही क्लायंट गेला नाही.

म्हणून न्यूयॉर्कला मेल जाईल त्याच दिवसापासून नव्या कामासाठी रोज एक तास राखून ठेवा. तुमच्या उरलेल्या दोन क्लायंटविषयी तुम्ही एका ओळीपलीकडे काही लिहिलेले नाही, याचा अर्थ ते चांगले आहेत. नवे काम मागायचे ते त्यांच्याकडे. ओरडणाऱ्यांना सांभाळता सांभाळता शांत माणसांकडे दुर्लक्ष होते, हे आपल्या सगळ्यांचेच होते.

संबंध संपवायची वेळ आली, तर दोन ओळींचे पत्र पुरेसे आहे: अमुक तारखेपर्यंत मी काम करीन, त्यापूर्वी सर्व कामे सोपवून देईन. कारणांची यादी देऊ नये, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. पैसे थकले म्हणून पासवर्ड बदलून क्लायंटला त्याच्याच खात्याबाहेर ठेवण्याचा मोह काहींना होतो. तो कटाक्षाने टाळा. असा अडथळा आणणे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येते, आणि तुमची न्याय्य बाजू त्या एका कृतीने उलटते. नवे काम थांबवणे हा तुमचा हक्क आहे, पण जे त्याचे आहे ते त्याला मिळाले पाहिजे. सोपवताना कोणत्या खात्यांचे ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतात ते तपासा आणि त्याला आपला नंबर घालायला सांगा, नाहीतर सुटका झाल्यावरही रात्री दोनचे मेसेज येतच राहतील. यापुढे जिथे शक्य असेल तिथे मूळ पासवर्ड घेऊच नका. जीमेलमध्ये दुसऱ्याला आपल्या खात्यातून मेल पाहण्याची व पाठवण्याची परवानगी पासवर्ड न देता देता येते, आणि ती एका क्षणात काढूनही घेता येते.

शेठजींकडे जाताना गेल्या तीन महिन्यांतली चुकलेली बिले छापून सोबत न्या. ती बहुधा चार-पाचच निघतील, आणि त्यांतली किती शेठजींनी फोनवर घाईत सांगितलेल्या आकड्यांमुळे चुकली हेही त्यांना कागदावरच दिसू द्या. तुम्ही बोलू नका.